राउटर हातातून पळाला. दिशा चुकली हे कळलं, पण आणखी काय चुकलं?

अर्धा_सुतार

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे. आज लिहितोय कारण काल थोडक्यात निभावलं. (राउटर म्हणजे इंटरनेटचा डबा नव्हे, लाकडाच्या कडा घडवायचं आणि खोबणी पाडायचं हातात धरायचं यंत्र. आधीच सांगतो, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्यातच जातील.)

टेबलाचा माथा करत होतो. २५ मि.मी. जाड फळ्या जोडून, घासून तयार. काठांना १२ मि.मी. त्रिज्येची गोलाई द्यायची होती. बेअरिंगवाला बिट (म्हणजे राउटरमध्ये बसवायचं फिरतं पातं, बेअरिंग काठाला टेकून चालतं), वेगाची चकती सगळ्यात वरच्या आकड्यावर, आणि पूर्ण गोलाई एकाच फेरीत. तीन बाजू झाल्या. मध्येमध्ये जळल्यासारखे तपकिरी डाग आले, म्हटलं पॉलिश पेपरने जातील. चौथ्या बाजूला वायर पुरेना, म्हणून उजव्या कोपऱ्यातून सुरुवात करून डावीकडे निघालो.

पहिलं हातभर अंतर इतकं सोपं गेलं की वाटलं, आत्ता कुठे हात बसला. ढकलावंच लागत नव्हतं. मग कोणीतरी पुढून ओढावं तसा राउटर एकदम निघाला आणि मी त्याच्या मागे. कोपऱ्याच्या अलीकडे तो काठावरून उसळला, पुन्हा आत घुसला आणि क्लॅम्पच्या लोखंडी दांडीला लागला. टण्ण! एक ठिणगी. बटण मुठीच्या शेजारीच आहे, पण त्या दोन सेकंदांत अंगठा काही तिथे पोचला नाही.

बोटं दहाच्या दहा शाबूत. काठावर अंगठ्याएवढा खळगा पडलाय, आणि बिटाच्या कार्बाइडच्या धारेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा गायब आहे. तो अजून सापडलेला नाही. डोळ्यांवर फक्त नंबरचा चष्मा होता.

दिशा चुकली एवढं कळलं. पण तो आधी हलका का वाटला? आणि दिशेखेरीज आणखी काय चुकलं असेल?

कंगोरा

तुकडा भिंतीत शोधा. माझा एकदा दाराच्या पल्ल्यात रुतलेला सापडला होता, माझ्या गळ्याच्या उंचीवर.

निवृत्त_फिटर

हलका वाटला, तोच इशारा होता. राउटर चालवताना हाताला थोडा विरोध जाणवलाच पाहिजे. विरोध गेला की थांबायचं आणि कुठे चुकतंय ते बघायचं.

राउटर हातात उभा धरला की वरून पाहताना बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. तुम्ही फळीच्या जवळच्या काठाशी उभे, लाकूड बिटाच्या पलीकडे. म्हणजे जी धार लाकडात शिरलेली आहे ती डावीकडून उजवीकडे चाललीय. धार लाकडाला उजवीकडे लोटते, लाकूड राउटरला डावीकडे. तुम्ही उजवीकडे सरकवलात तर लाकूड अडवतं, जोर लावावा लागतो, आणि बेअरिंग आपसूक काठाला चिकटून राहतं. डावीकडे सरकवलात की तुम्ही आणि लाकूड मिळून राउटरला एकाच बाजूला ढकलताय. कापायचं सोडून बिट काठावरून चाकासारखा पळायला बघतो. त्यात पूर्ण १२ मि.मी.चा घास एकदम. पळणारच.

बाहेरचा काठ असेल तर घड्याळाच्या उलट फिरायचं, चौकटीच्या आतला काठ असेल तर घड्याळाप्रमाणे, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मला ते ऐन वेळी कधीच आठवत नाही. मी एवढंच बघतो: राउटर घेऊन मी ज्या दिशेला चाललोय तिकडे तोंड केलं, तर लाकूड माझ्या डाव्या हाताला हवं. आत असो, बाहेर असो, लाकूड डावीकडे. उजवीकडे आलं की दिशा उलटी.

भुसाभुशी

काका, हे "लाकूड डावीकडे" फार कामाचं आहे. मी आजवर फळीवर पेन्सिलीने बाण काढत होते. पण फळीच्या मधोमध खोबण पाडताना दोन्ही बाजूंना लाकूडच असतं, तेव्हा काय करायचं?

निवृत्त_फिटर

बाण काढत राहा, त्यात लाज कसली. मीही काढतो.

खोबणीत राउटर पुढे ढकलताना तो डावीकडे खेचला जातो. म्हणून फळीवर क्लॅम्पने सरळ पट्टी बांधत असाल तर ती राउटरच्या डाव्या अंगाला बांधा, म्हणजे तो पट्टीवर दाबला जातो. उजवीकडे बांधलीत तर तो पट्टी सोडून जायला बघणार आणि खोबण वाकडी होणार. राउटरलाच जोडलेली आणि फळीच्या काठावरून सरकणारी पट्टी असेल तर उलट: ती उजवीकडच्या काठाला हवी, म्हणजे डावीकडची ओढ तिला काठावर घट्ट बसवते. दोन्ही प्रकार एकदा टाकाऊ फळीवर करून बघा. ऐकून जितकं अवघड वाटतं तितकं हाताला वाटत नाही.

ढलपी

काकांनी दिशेचं सांगितलं, मी वेगावर येतो. "डायल सगळ्यात वर" हे वाचून अंगावर काटा आला.

१२ मि.मी. त्रिज्येच्या गोलाईचा बिट बेअरिंगसकट साधारण ३७ मि.मी. व्यासाचा भरतो. मिनिटाला २४,००० फेरे म्हणजे सेकंदाला ४००. गुणून बघा, धारेच्या टोकाचा वेग सेकंदाला ४६ मीटरच्या वर जातो, म्हणजे ताशी १६५ कि.मी.हून जास्त. त्याच यंत्रावर १२ मि.मी. व्यासाचा सरळ बिट लावला तर तोच आकडा ताशी ५४ च्या आसपास. फेरे तेवढेच, पण टोकाला काय होतं ते व्यासावर ठरतं. म्हणून बिट जितका रुंद तितके फेरे कमी. २५ मि.मी. व्यासापर्यंत २२ ते २४ हजार, ५० पर्यंत १८ हजार, त्यापुढे १६ हजार, आणि पॅनेलच्या कडा घडवायचे ताटलीएवढे बिट १० ते १२ हजारांवर, तेही राउटर टेबलात उलटा बसवून, हातात धरून अजिबात नाही. बिटाच्या दांडीवर कमाल फेरे कोरलेले असले तर तो आकडा अंतिम.

ट्रिमरमध्ये, म्हणजे एका हाताने धरायच्या छोट्या राउटरमध्ये, आणखी एक मेख आहे. काही ट्रिमर एकाच वेगाने, मिनिटाला ३०,००० च्या आसपास फिरतात, कमी करायची सोयच नसते. त्यात मोठा बिट बसतो म्हणून लावायचा नसतो.

तुमचे जळके डागही तिथलेच आहेत. वेग जास्त, सरकवणं हळू, किंवा बिट बोथट. राउटरमधून ढलप्या उडायला हव्यात. नुसतं पीठ उडायला लागलं की बिट कापत नाहीये, घासतोय.

अर्धा_सुतार

पीठच उडत होतं. आता सगळं आठवतंय. मला वाटत होतं जितका वेग तितकी सफाई.

आणि एकाच फेरीत न करता किती फेऱ्या करायच्या?

ढलपी

खोबणीला एका फेरीत बिटाच्या व्यासाच्या निम्म्याहून खोल जाऊ नका, आणि ६ मि.मी.च्या पुढे तर नकोच. गोलाईला तीन फेऱ्या: बिट आधी थोडाच बाहेर काढा, मग आणखी, आणि शेवटची फेरी मि.मी.भराची. ती शेवटची फेरी इतकी गुळगुळीत निघते की पॉलिश पेपर कमी लागतो. आणि कोपरे फुटू नयेत म्हणून आधी टोकांच्या आडव्या बाजू करा, जिथे लाकडाचे तंतू कापले गेलेले दिसतात. तिथून बाहेर पडताना शेवटचा तुकडा उडतोच. नंतर लांब बाजू केली की तो तुटका भाग त्या फेरीत निघून जातो.

सावकाश

मी नवीन आहे, प्रश्न बावळट वाटेल. बिट बसवताना तळाला टेकेपर्यंत आत सारायचा ना? जितका आत तितका पक्का?

निवृत्त_फिटर

बावळट नाही, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारलात. तळाला टेकवायचा नाही. पूर्ण आत सारा आणि मग दोन-तीन मि.मी. वर घ्या. नट आवळताना कॉलेट, म्हणजे बिटाची दांडी पकडणारी पाकळ्यांची नळी, बिटाला थोडं खाली ओढतो. बिट आधीच तळाला टेकलेला असेल तर खाली जायला जागा राहत नाही, नट घट्ट लागल्यासारखा वाटतो पण पकड बसलेली नसते. दुसरं टोकही पाहा: दांडी आणि धार जिथे जुळतात तिथे थोडी गोलसर वाढ असते, ती कॉलेटच्या तोंडात यायला नको. आणि जास्त खोल जाता यावं म्हणून बिट अर्धाच पकडणं हा तर अपघाताला आवतणच. दांडीचा निदान तीन चतुर्थांश भाग आत हवा.

आता माझी गोष्ट, कारण ती चूक मी स्वतः केलीय, आणि तीस वर्षं यंत्रावर हात असताना केलीय. माझ्याकडे पाव इंची कॉलेट होता, म्हणजे ६.३५ मि.मी. बिट आणला तो ६ मि.मी. दांडीचा. आवळला, बसला. हाताने ओढून पाहिला, हलेना. ६ मि.मी. खोल खोबण पाडायची होती. दीड फूट गेलो असेन, आवाज जाड व्हायला लागला. राउटर कण्हतोय असं वाटलं. मी म्हटलं गाठ आली असेल, आणि जोर लावला. शेवटाला पोचलो, बंद केला, खोबणीत पट्टी घालून मोजलं तर सुरुवातीला ६ आणि शेवटाला ९. बिट चालता चालता कॉलेटमधून खाली सरकत होता. आणखी हातभर गेलो असतो तर तो बाहेर पडला असता, मिनिटाला वीस हजार फेऱ्यांनी फिरत.

०.३५ मि.मी.चा फरक डोळ्याला दिसत नाही. ६ ला ६, ८ ला ८, पाव इंचाला पाव इंच. जवळपास चालतं असं इथे काही नाही.

तेव्हापासून बिट काढला की दांडीकडे बघतो. तिच्यावर काळसर गोल पट्टे किंवा ओरखडे दिसले तर बिट आत घसरत होता. आधी कॉलेट साफ करायचा, कारण चिकावलेला भुसा त्याच्या फटींत बसतो आणि पाकळ्या नीट मिटू देत नाही. साफ करूनही पट्टे येत असतील तर कॉलेट गेला, बदला. बिट नसताना नट आवळून ठेवू नका, पाकळ्या दबून राहतात.

कंगोरा

"आवाज जाड व्हायला लागला" याला दुजोरा. डोळे काठावर असतात, पण बातमी आधी कानाला कळते. सूर खाली गेला तर घास मोठा झालाय. सूर नीट पण थरथर वाढली तर बिट सैल, वाकलेला किंवा बेअरिंग गेलेलं. कानात बोळे असले तरी हा फरक कळतो, त्यामुळे "ऐकू यावं म्हणून बोळे घालत नाही" ही सबब चालणार नाही.

भुसाभुशी

बोळ्यांवरून आठवलं. राउटरचा आवाज सहज ९५-१०० डेसिबलच्या घरात जातो. ८५ डेसिबल आठ तास चालेल अशी मर्यादा धरली तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. एका टेबलाच्या काठात ती संपतात.

आणि मास्क. एमडीएफवर (भुसा दाबून केलेल्या फळीवर) राउटर चालवलात तर जे उडतं तो भुसाही नसतो, धूर असतो जवळजवळ. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच तसं नोंदवलंय. तोंडावर रुमाल बांधून ती अडत नाही. एन-९५ किंवा एफएफपी-२ घाला, शक्य असेल तर राउटरला व्हॅक्यूमची नळीही लावा. नळीचा आणखी एक फायदा म्हणजे पेन्सिलीची खूण दिसत राहते. खूण दिसत नाही म्हणून माणूस वाकून फुंकर मारतो, आणि तेव्हा चेहरा कुठे असतो ते आठवा.

सावकाश

हातमोजे घालावेत का? दोन ठिकाणी दोन सल्ले वाचले.

कंगोरा

नको. सैल मोजा बिटात अडकला की मागोमाग हात येतो. सैल बाह्या, टोपीच्या नाड्या, गळ्यातली साखळी, हेडफोनची वायर, सगळं त्याच यादीत.

चिकटपट्टी

मी असहमत. अंगाबरोबर बसणारे पातळ, कंप कमी करणारे मोजे मी घालतो. राउटरच्या दोन्ही मुठी दोन्ही हातांनी धरल्या असतील तर हात बिटापासून लांब असतात, मोजा जाणार कुठे?

निवृत्त_फिटर

मोठ्या राउटरला दोन मुठी असतात, तिथे तुमचं म्हणणं मी समजू शकतो. पण ट्रिमर एका हाताने बुडापाशी धरतात, करंगळी बुडाच्या कडेवरून खाली कधी उतरते कळत नाही. सवय एकच ठेवा. मी मोजे घालत नाही. शिकाऊ मुलांनाही घालू देत नसे.

चिकटपट्टी

ट्रिमरचं मान्य.

पण आणखी एका गोष्टीवर वाद घालतो. "लाकूड डावीकडे" हा नियम शंभर टक्के नाही. तंतूंच्या रेषा उलट्या जाणाऱ्या लाकडात नियमाप्रमाणे गेलं तर लांबच लांब चिरा निघतात, अख्खा काठ वाया. तिथे मी मुद्दाम उलटा जातो. सफाई अप्रतिम येते.

ढलपी

सफाई येते हे खरं, मीही करतो. पण नवशिक्यांच्या धाग्यावर हे अर्धंच सांगू नका. आधी बरोबर दिशेने जवळजवळ सगळं लाकूड काढून घ्यायचं, अर्धा-एक मि.मी. शिल्लक ठेवायचं, आणि फक्त तेवढ्यासाठी उलटं जायचं. छोटा बिट, फळी दोन ठिकाणी क्लॅम्प केलेली, कोपरं अंगाला लावून राउटर मागे ओढून धरलेला. मोठ्या व्यासाच्या बिटाने नाहीच. आणि राउटर उलटा करून टेबलात बसवला असेल तर कधीच नाही, कारण तिथे लाकूडच हातातून उडतं आणि बोटं बिटावर जातात.

टेबलात बिट वरून पाहताना उलटा फिरतो, त्यामुळे फळी उजवीकडून डावीकडे सारायची. हे वेगळं सांगितलेलं बरं, कारण हातातल्या राउटरची सवय तिथे नडते.

निवृत्त_फिटर

ढलपींनी सांगितलं तसं असेल तर माझी हरकत नाही. अर्धा_सुतार यांनी पुढचं वर्षभर तरी करू नये.

अर्धा_सुतार

वर्षभर काय, काका, नावही काढणार नाही.

सावकाश

शेवटचा प्रश्न. छोट्या तुकड्याचे काठ कसे करायचे? खोक्याची झाकणं करतोय, तळहाताएवढी. क्लॅम्प लावला तर राउटरलाच जागा उरत नाही.

चिकटपट्टी

नाव सार्थ करतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी. तुकडा मोठ्या फळीवर चिकटवायचा आणि फळी क्लॅम्प करायची. दोन्ही पृष्ठभाग आधी पुसून घ्या, भुशावर पट्टी धरत नाही. राउटर तुकड्याच्या काठावर डुगडुगू नये म्हणून शेजारी त्याच जाडीचा आणखी एक तुकडा चिकटवा, बूड दोन्हींवर टेकतं.

भुसाभुशी

त्याहून बरं म्हणजे तुकडा करूच नका. मोठ्या फळीवर गोलाई करून घ्या, झाकण मग कापा. निदान दोन बाजू तरी तशा होतात.

निवृत्त_फिटर

आणि बिट बदलताना प्लग भिंतीतून काढलेला हवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बॅटरीवर चालणारा असेल तर बॅटरी बाहेर. परत प्लग लावण्याआधी बटण खरंच बंद आहे ना ते बघा. सरकत्या बटणाचे ट्रिमर चालू अवस्थेतच राहतात, प्लग लावला की टेबलावरून उडी मारतात. वायर खांद्यावरून मागे टाका. अर्धा_सुतार यांच्या बाबतीत सगळी सुरुवात वायरीनेच झाली होती, हे कोणी बोललंच नाही. वायर पुरत नाही म्हणून दिशा बदलायची नसते, फळी फिरवायची असते.

अर्धा_सुतार

आठवड्याने हजेरी लावतोय. नवीन बिट आणला, वेग १८ हजारांवर, नंबरच्या चष्म्यावरून बसणारा मोठा चष्मा, कानात बोळे. क्लॅम्प या वेळी माथ्याच्या खालून असे लावले की बिटाच्या वाटेत दांडी येणारच नाही. चालू करण्याआधी बिट लाकडाला टेकलेला नाही ना ते बघितलं, प्लग काढून एकदा पूर्ण काठावरून कोरडी फेरी मारली, वायर कुठे अडते तेही तेव्हाच कळलं. फळी फिरवली.

चौथी बाजू तीन फेऱ्यांत झाली. या वेळी ढकलावं लागत होतं, आणि पायाशी ढलप्यांचा ढीग झाला. बंद केल्यावर बिट पूर्ण थांबेपर्यंत राउटर तसाच हातात धरून उभा होतो. तो किती वेळ फिरत राहतो ते पहिल्यांदाच लक्षात आलं.

कंगोरा

मस्त. आणि त्या खळग्याचं काय केलंत?

अर्धा_सुतार

तो कोपऱ्याजवळच होता. माथ्याचे चारही कोपरे मोठ्या गोलाईचे करून टाकले, त्यात गेला. घरी सगळे म्हणतात डिझाइन छान आहे.

तुकडा पण सापडला. झाडताना, मी उभा होतो त्याच्या मागच्या खिडकीच्या चौकटीत. गळ्याच्या जरा वर.